सेस्ना १७२चं पुढचं चाक थरथरतंय? डॅम्पर खोलण्याआधी हे तपासा

लँडिंग चांगलं झालेलं असतं. मागची चाकं टेकतात, नाक अलगद खाली येतं, आणि वेग चाळीस-पन्नास नॉटवर उतरता उतरता अख्खं विमान थरथरायला लागतं. पायाखाली रडर पेडल धडधडतात, पॅनेलवरचे आकडे वाचता येत नाहीत. नवा विद्यार्थी घाबरून ब्रेक दाबतो. ब्रेकमुळे विमानाचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि थरथर आणखी वाढते. एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) आल्यावर लॉगमध्ये नोंद होते, ‘नोज व्हील शिमी’, म्हणजे पुढच्या चाकाची थरथर. त्याखाली बहुतेक वेळा उपायही लिहिलेला असतो: ‘शिमी डॅम्पर बदलावा.’ डॅम्पर म्हणजे ही थरथर जिरवणारी तेलाची नळी.

पंधरा वर्षं मी प्रशिक्षणाच्या विमानांवर काम करतोय, त्यातली बरीचशी विदर्भात आणि खानदेशात. ही नोंद मी इतक्यांदा वाचली आहे, की आता ती वाचून मी डॅम्परकडे जातच नाही. आधी हवेचं गेज काढतो. डॅम्पर खरंच खराब निघतो, नाही असं नाही. पण तो एकटा खराब निघण्याचे प्रसंग थोडे. बहुतेकदा दुसरीकडे कुठेतरी झीज झालेली असते आणि डॅम्पर ती सहन करत करत दमलेला असतो. अशा वेळी नवा डॅम्पर बसवला तर पंधरा-वीस दिवस विमान शांत राहतं आणि मग तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका विमानाचा डॅम्पर आम्ही आठ महिन्यांत तीनदा उघडला. दर वेळी ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या, तेल भरलं, हवेचे बुडबुडे काढले. तिसऱ्या वेळी तो बाकावर ठेवून मी खोलायला बसलो तेव्हा आमचे जुने फोरमन काका म्हणाले, “थांब रे, तो परत बसव आणि इकडे ये.” त्यांनी नाक उचलून घेतलं, चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलकेच डावी-उजवीकडे फिरवलं. “चाकाकडे बघू नकोस, डॅम्परच्या दांड्याकडे बघ.” चाक चांगलं बोटभर हललं. दांडा जागचा हलला नाही.

जी हालचाल डॅम्परपर्यंत पोचतच नाही, ती डॅम्पर कशी थांबवणार? पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका प्रश्नाभोवती आहेत: चाक आणि डॅम्पर यांच्यामध्ये ढिलेपणा नेमका कुठे आहे.

लक्षणं नीट ओळखा

सगळी थरथर म्हणजे शिमी नव्हे. वैमानिकाला आधी हे विचारा.

एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं नियंत्रण) मागे ओढून नाकावरचं वजन कमी केलं की थरथर थांबते का? थांबत असेल तर ती पुढच्या चाकाचीच. ठरावीक वेगाला सुरू होऊन त्याच्या खाली आपोआप थांबते का? हेही शिमीचंच लक्षण. पेडल आळीपाळीने डावं-उजवं धडधडतं का? तेही तसंच.

फक्त ब्रेक दाबल्यावरच धक्के बसत असतील तर मागच्या चाकांच्या ब्रेक डिस्क बघा. त्या गंजलेल्या, वाकड्या किंवा एकसारख्या न झिजलेल्या असू शकतात. पावसाळ्यात विमान आठ दिवस उभं राहिलं की डिस्कवर गंजाचा थर चढतो आणि पहिल्या एक-दोन टॅक्सीत असाच खरखरीत धक्का जाणवतो. थरथर इंजिनाच्या आरपीएमबरोबर कमी-जास्त होत असेल तर चाकाचा संबंध नाही, प्रॉपेलर आणि इंजिन माउंटकडे जा. आणि दर फेरीला एकच ठोका, ‘धप्-धप्-धप्’ असा, वेगाबरोबर जलद होणारा, हा टायरवरच्या सपाट डागाचा आवाज असतो.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो, जरा अवघड वाटला तरी: गेल्या काही दिवसांत कुणी नाकावर लँडिंग केलं होतं का? विमान उसळलं होतं का? उत्तर ‘हो’ असेल तर खालच्या स्वस्त तपासण्या नंतर. थेट ‘इथे थांबा’ या भागात, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी) जा.

चाक थरथरतं कशामुळे

दवाखान्यातला स्ट्रेचर वेगाने ढकलताना त्याचं पुढचं एखादं चाक फडफडताना तुम्ही पाहिलं असेल. चाक ज्या उभ्या अक्षाभोवती वळतं, त्याच्या किंचित मागे ते जमिनीला टेकतं. म्हणून ते एरवी सरळ राहतं. पण त्याला थोडी मोकळीक मिळाली आणि एखादा खडा किंवा रनवेचा सांधा लागला, की ते डावीकडे जातं, जमीन त्याला ओढून मध्यावर आणते, वेगामुळे ते मध्य ओलांडून उजवीकडे जातं, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला ताकद देत वाढतं. ताकद विमानाच्या वेगातून येते. डॅम्परचं काम ही ताकद तेलाच्या बारीक वाटेतून ढकलून जिरवण्याचं.

१७२च्या मागच्या पायांत असलं काही नाही. ते म्हणजे सरळ स्प्रिंग स्टील. ही कल्पना विस्कॉन्सिनच्या स्टीव्ह विटमन यांची. त्यात तेल नाही, हवा नाही, सांधा नाही, त्यामुळे झिजायलाही फारसं काही नाही. मागे टायर, बेअरिंग आणि ब्रेक सांभाळले की झालं. झीज होते ती पुढच्या पायात. स्ट्रट (धक्का जिरवणारा तेल-हवेचा पाय), टॉर्क लिंक (त्याचे वरचे-खालचे भाग जोडणारा कोपरासारखा दुवा), स्टिअरिंग कॉलर (चाक वळवणारं स्ट्रटभोवतीचं कडं), स्टिअरिंग रॉड, डॅम्पर, सगळ्यांना हलते सांधे आहेत. शाळेतलं विमान एका तासाच्या सर्किटमध्ये (रनवेभोवती फेऱ्या मारून पुन्हा पुन्हा उतरण्याच्या सरावात) सहा-सात वेळा उतरतं, तेही शिकणाऱ्याच्या हातून.

पहिली तपासणी: हवा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या आहेत.

मोजायची ती दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी, टायर गार असताना. तापमान ३ अंश सेल्सिअसने वाढलं की टायरचा दाब साधारण १ टक्क्याने वाढतो. नागपूरकडे फेब्रुवारीतली पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. दुपारी मोजून ‘बरोबर आहे’ म्हटलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे कमी भरते.

आकडा कोणता, ते त्याच विमानाच्या पुस्तकात बघा. इथे फार लोक चुकतात. १७२एस मॉडेलला पुढच्या टायरला ४५ पीएसआय आणि मागच्याला ४२ लागतात. जुन्या १७२एनला पुढे ३१ आणि मागे २९. दोन्हीकडे टायरचे आकार तेच दिसतात, पुढे ५.००-५ आणि मागे ६.००-६, पण प्लाय रेटिंग (टायरच्या ताकदीचा आकडा) वेगळं असू शकतं. एकाच हँगरमध्ये दोन्ही मॉडेल असतील आणि भरणारा एकच असेल तर गडबड होतेच. आम्ही प्रत्येक विमानाच्या चाकाजवळ त्याचा आकडा स्टेन्सिलने लिहून टाकला, तेव्हापासून हा गोंधळ बंद झाला.

हवा कमी असेल तर टायर बाजूला लवचीक होतो आणि फडफडायला मोकळा होतो. जास्त असेल तर जमिनीवर टेकणारा भाग लहान होतो आणि चाक उड्या मारतं. दोन्ही टोकांना शिमी वाढते, म्हणून ‘थोडी जास्तच भरून ठेव’ हा सल्ला इथे चालत नाही.

टायर

चाकावरची फेअरिंग (झाकण) काढल्याशिवाय टायर तपासला असं म्हणू नका. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल फेअरिंगच्या आत जाऊन बसतो, वाळतो आणि चाकाला घासत राहतो. मी मूठभर वाळलेली ढेकळं काढली आहेत आणि तेवढ्यानेच थरथर गेलेली पाहिली आहे.

टायर हाताने सावकाश फिरवत पूर्ण घेर बघा. एका बाजूचा खांदा जास्त झिजलाय का, सपाट डाग आहे का, बाजूच्या भिंतीवर भेगा किंवा फुगवटा आहे का. कुठल्याही एका जागी खाचेच्या तळापर्यंत झीज आली, की टायर काढा. आतले धागे दिसायला लागले असतील तर ते विमान आजच्या आज जमिनीवर. पुढच्या चाकाला ब्रेक नसतो, त्यामुळे पुढच्या टायरवर सपाट डाग दिसला तर मला लगेच बेअरिंगची शंका येते किंवा ओढताना कुणीतरी चाक तिरकं घासत नेलं असेल असं वाटतं.

टायर बदलायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी व्हॉल्व्हचा कोअर काढून हवा पूर्ण सोडा. मगच ॲक्सलच्या नटाला पाना लावा. चाकाचे दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले असतात. आत हवा असताना ते बोल्ट सैल केले तर ते भाग उडतात आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो आणि व्हॉल्व्हचा कोअर त्याच्या स्वतःच्या खिशात ठेवायला लावतो. कोअर खिशात आहे म्हणजे टायरमध्ये हवा नाही.

टायरची कड सोडवताना स्क्रू-ड्रायव्हर किंवा पहार घालू नका. चाक हलक्या धातूचं असतं. त्यावर एक ओरखडा पडला तरी पुढे तिथूनच भेग निघते. नव्या ट्यूबला टाल्कम पावडर लावा. टायरवरचा लाल ठिपका म्हणजे त्याची हलकी बाजू. ट्यूबवर जड बाजूची खूण असेल तर ठिपका तिच्यासमोर ठेवा, नसेल तर व्हॉल्व्हसमोर. बोल्ट चाकावर लिहिलेल्या टॉर्कनेच आवळा. एकदा हवा भरून पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या चुण्या निघतात. हवा भरताना टायर सुरक्षेच्या पिंजऱ्यात ठेवा. टायर ताणला जातो म्हणून पहिल्या दिवशी दाब थोडा उतरतोच. तो पुन्हा भरून पुढच्या २४ तासांत ५ टक्क्यांहून जास्त उतरला तर गळती शोधा.

आणि चाकाचा तोल तपासा. पुढचं चाक लहान, त्यामुळे कमी वेगालाही ते भराभर फिरतं. थोडासा असमतोलही शिमीला सुरुवात करून द्यायला पुरतो. नवा टायर घातल्यावर लगेच शिमी सुरू झाली तर पहिला संशय यावर.

स्ट्रट

विमानापासून चार पावलं मागे जाऊन बघा. नाक खाली झुकलंय का? की स्ट्रटचा चकचकीत दांडा नेहमीपेक्षा जास्त बाहेर आहे? मग मागे जाऊन शेपटीचा दांडा, म्हणजे आडव्या पंखाच्या पुढचा भाग, आतल्या बल्कहेडच्या रेषेवर दाबा आणि सोडा. आडव्या पंखावर दाबू नका, त्याचा पत्रा आणि जोड त्यासाठी नाहीत. नाक एकदा उसळून सावकाश स्थिरावलं तर ठीक. दोन-तीनदा झुललं तर आत तेल कमी आहे.

इथे एक चूक सर्रास होते. स्ट्रट बसलेला दिसला की लोक नायट्रोजन भरतात. नाक वर येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण स्ट्रट बसला तो ओ-रिंगमधून तेल गळाल्यामुळे. तेलाची जागा हवेने घेतली तर तो नुसता फुगा होतो, धक्का जिरवत नाही. १७२च्या पुढच्या स्ट्रटमध्ये ५६०६ जातीचं लाल हायड्रॉलिक तेल लागतं आणि हवेचा दाब ४५ पीएसआय. आधी सगळी हवा सोडून तेलाची पातळी, मग हवा, हाच क्रम. गाडीचं ब्रेक ऑइल इथे चुकूनही घालू नका. ते वेगळ्या जातीचं असतं, या ओ-रिंग त्यात फुगून मऊ पडतात.

जास्त फुगलेला स्ट्रटही तितकाच वाईट. तो वर आला की टॉर्क लिंकचा कोपरा उघडून स्ट्रटच्या जवळ सरकतो. मग त्या कोपऱ्यात तेवढाच ढिलेपणा असला तरी चाक आधीपेक्षा जास्त कोनातून फिरतं. एकाच विमानाची शिमी एका दिवशी असते आणि दुसऱ्या दिवशी नसते, याचं कारण मला कितीतरी वेळा इथे सापडलंय.

दांड्याचा क्रोम नखाने तपासा. धूळ रोज कपड्याने पुसा, कपड्याला थोडं ५६०६ तेल लावून. क्रोमवर खड्डे पडले असतील तर नवी ओ-रिंगही चार दिवसांत फाटेल. जुहूसारख्या समुद्राकाठी राहिलेल्या विमानांत हे खड्डे मी जास्त पाहिले आहेत.

नाक उचला आणि हाताने शोधा

इथून पुढे दोन माणसं हवीत. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, किल्ली काढून खिशात, प्रॉपेलरपासून लांब. शेपटीच्या बांधायच्या कड्याला जमिनीतल्या अँकरशी बांधून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या जॅकने नाक उचला. मागच्या चाकांना ठोकळे लावा.

पहिल्यांदा बेअरिंग. टायर वर-खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर ॲक्सलचा नट सैल आहे किंवा बेअरिंग गेलंय. चाक फिरवून कान लावा. खरखर ऐकू येत असेल तर बेअरिंग काढून धुवा. धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवून वाळवू नका, कोरडं बेअरिंग त्या वेगाला खराब होतं. रोलरवर खवले, खड्डे, गंजाच्या रेघा किंवा निळसर डाग दिसले तर रोलर आणि बाहेरची रिंग दोन्ही बदला, एकच बदलू नका. ग्रीस एकाच जातीचं ठेवा. जुनं पूर्ण धुतल्याशिवाय दुसऱ्या जातीचं भरलं तर दोन्ही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. नट आवळताना चाकाला किंचित अडथळा जाणवेपर्यंत आवळायचा, मग स्प्लिट पिनच्या जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यायचा. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

मग काकांनी मला दाखवलेली परीक्षा. तुम्ही चाक धरा, डावी-उजवीकडे अगदी हलकेच हलवा, दोन बोटांच्या जोरानेच. दुसऱ्याने डोळे प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने ठेवायचे. जास्त जोर लावला तर सगळंच हलतं आणि काही कळत नाही. ढिलेपणा सापडतो तो सुरुवातीच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये.

टॉर्क लिंकचा खालचा भाग हलतो आणि वरचा स्थिर राहतो? मधल्या सांध्याचे बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) किंवा बोल्ट झिजलेत. दोन्ही लिंक हलतात, पण कॉलर हलत नाही? वरचा सांधा. कॉलर हलते, पण डॅम्परचा दांडा हलत नाही? डॅम्परच्या टोकाचा बोल्ट. कॉलर स्वतःच वर-खाली खेळते? तिच्या शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) संपल्यात. स्टिअरिंग रॉडच्या टोकांना हात लावून बघा, तिथल्या बेअरिंगमध्ये टकटक जाणवते का. शेवटी चाक पुढे-मागे हलवा आणि स्ट्रट फायरवॉलला जिथे जोडलाय ते ब्रॅकेट बघा. तिथे हालचाल दिसली तर पुढे काही करू नका.

टॉर्क लिंक: बहुतेक वेळा गुन्हेगार हीच

खानदेशात मार्चपासून बारीक धूळ उडते. ती टॉर्क लिंकच्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. बुश अंडाकृती होतात, बोल्टवर कंगोरे पडतात. बाहेरून ग्रीस चांगलं काळंभोर दिसत असतं आणि आत पोकळी वाढत जाते. म्हणून ग्रीस नुसतं भरू नका. जुनं पुसून, शक्य असेल तिथे बाहेर निघेपर्यंत नवं भरा.

बुश बदलण्याचं काम मी असं करतो. नाक उचललेलं, स्ट्रटमधली हवा पूर्ण सोडलेली. हे दुसऱ्यांदा सांगतो, कारण टॉर्क लिंकच स्ट्रटचा आतला भाग अडवून धरतात. हवा असताना त्या सोडल्या तर तो भाग जोरात खाली येतो. बोल्ट काढण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो. कुठल्या बाजूला किती शिम होत्या, ते चिकटपट्टीवर लिहून त्या शिमसोबतच बांधून ठेवा, कारण त्यांचा क्रम नंतर आठवत नाही. बोल्टवर नख फिरवून खाच लागली तर बोल्टही बदला. जुन्या बोल्टवर नवा बुश बसवणं म्हणजे अर्धंच काम. नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांचं भोक योग्य मापाचं करावं लागतं, त्याला रीमर आणि सरावाचा हात हवा. शेवटी शिम इतक्या घाला की बाजूचा ढिलेपणा जाईल, पण लिंक स्वतःच्या वजनाने सहज वाकेल. घट्ट करून शिमी ‘दाबायची’ नाही, नाहीतर स्ट्रट अडकतो.

आठ महिन्यांत तीनदा डॅम्पर उघडलेल्या त्या विमानाचं हेच निघालं. बुश आणि मधला बोल्ट बदलला, तोच जुना डॅम्पर परत बसवला. पुढे तो आम्ही उघडला तो वार्षिक तपासणीच्या यादीत होता म्हणून.

आता डॅम्पर

वरचं सगळं नीट असेल तरच. त्याच्या टोकांवर तेलाचा ओलावा आहे का बघा. काढून हातात धरा आणि दांडा सावकाश आत-बाहेर करा. दोन्ही दिशांना सारखा, सलग विरोध जाणवला पाहिजे. मध्येच एखादी जागा मोकळी लागली तर आत हवा आहे. दांड्यावर ओरखडे नसतील आणि सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर ओ-रिंग बदलून, तेलात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू चालवून तो पुन्हा वापरता येतो. दांड्यावर उभी रेघ असेल तर ओ-रिंगवर पैसे घालवू नका, दांडा बदला. लॉर्ड कंपनीचे रबरी डॅम्पर काही जण बसवतात, त्यात तेल नसतं म्हणून गळत नाहीत. ते बसवायचे तर त्यांची मंजुरीची कागदपत्रं विमानाच्या नोंदीत लागतात, आणि टॉर्क लिंक सैल असेल तर तेही काही करू शकत नाहीत.

इथे थांबा

फायरवॉलच्या खालच्या भागात पत्र्याला सुरकुती दिसली, रिव्हेटभोवती काळी राख पसरल्यासारखी रेघ दिसली, ब्रॅकेटचा बोल्ट हलला, इंजिन माउंटवर रंग तडकला, तर ते विमान उडवू नका, उद्याच्या एका सर्किटसाठीसुद्धा नाही. हे चाकाचं दुखणं राहिलेलं नाही. जोराच्या लँडिंगनंतरची पूर्ण तपासणी आणि पत्र्याची दुरुस्ती करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचं ते काम. नाक आपटलं असेल तर प्रॉपेलर जमिनीला लागला होता का हेही पाहावं लागतं, आणि लागला असेल तर इंजिनाच्या आतल्या तपासणीचा प्रश्न येतो.

स्ट्रट पूर्ण खोलायचा असेल, फोर्कवर किंवा लिंकवर केसाएवढी भेगही शंकास्पद वाटली, रीमर किंवा टॉर्क पाना नसेल, किंवा त्या सिरियल नंबरचं मॅन्युअल हाताशी नसेल, तर थांबा. १७२ १९५६पासून बनतंय आणि आतापर्यंत ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. दिसायला सारख्या भागांचे नंबर मॉडेलप्रमाणे वेगळे असतात. ओ-रिंग बाजारातल्या दुकानातून ‘मापाची’ आणू नका. भागासोबत त्याचं प्रमाणपत्र आलं पाहिजे.

आपल्याकडे प्रशिक्षण विमानावरचं हे काम डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचा) परवाना असलेल्या अभियंत्याच्या सहीशिवाय संपत नाही. विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर यांनी गेज लावणं, पुसणं, बघणं आणि नीट लिहून देणं इतकं केलं तरी आमचं अर्धं काम होतं. अमेरिकेत स्वतःचं १७२ असलेल्या मराठी मित्रांकडून मला अधूनमधून विचारणा होते. तिथल्या नियमांच्या भाग ४३च्या परिशिष्टात वैमानिक-मालकाला टायर बदलणं, चाकाचं बेअरिंग धुऊन ग्रीस भरणं आणि स्ट्रटमध्ये तेल-हवा भरणं ही कामं करता येतात. टॉर्क लिंकचे बुश त्या यादीत नाहीत. तिथेही त्यापुढे मेकॅनिकला बोलवा.

पुन्हा होऊ नये म्हणून, आणि काम झाल्यावर

विमान ओढताना टो-बार मध्यापासून ३० अंशांपलीकडे वळवू नका आणि रडरचं लॉक लागलेलं असताना तर अजिबात ओढू नका. स्टिअरिंगचे सांधे आणि थांबे एका संध्याकाळी वाकतात ते असेच, आणि कोणी सांगत नाही. लँडिंगनंतर एलिव्हेटर सोडून देऊ नका, नाक वेग उतरेपर्यंत हलकं धरा. शिमी सुरू झालीच तर ब्रेक सोडा आणि एलिव्हेटर मागे घ्या.

दुरुस्तीनंतर मी आधी हळू, मग थोड्या जास्त वेगाने सरळ टॅक्सी करायला सांगतो. पेडलवर पाय हलके ठेवायचे, कारण घट्ट दाबून धरले तर थरथर पायच जिरवतात आणि आपण फसतो. मग तीन लँडिंग, एकाच इन्स्ट्रक्टरच्या हातून. दहा तासांनी पुन्हा नाक उचलून दोन बोटांची परीक्षा. लॉगमध्ये ‘शिमी दुरुस्त’ एवढंच लिहू नका. कुठल्या सांध्यात ढिलेपणा होता, किती शिम घातल्या, हवा किती होती, स्ट्रट किती बाहेर होता, सगळं लिहा. पुढच्या वर्षी त्याच विमानाखाली दुसरं कोणीतरी झोपलेलं असेल, त्याला सुरुवात तिथून करता येईल.